टँग दर वेळी तिसऱ्या आठवड्यात का जातो? चार फुटी मरीन टँक असेल तर आधी हे तपासा

प्रॉब्लेम असा आहे. नवीन टँग, म्हणजे खाऱ्या पाण्यातला शेवाळ चरणारा सर्जनफिश, आणला, पहिले दोन दिवस दगडामागे लपून, तिसऱ्या दिवसापासून खायला लागला, आठ-दहा दिवस एकदम मस्त, आपण फोटो काढतोय, आणि मग एका सकाळी पंखांवर चार-पाच पांढरे कण, मीठ भुरभुरल्यासारखे. दोन-तीन दिवसांत ते गायब. आपण हुश्श करतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात, आता चाळीस-पन्नास, मासा दगडाला अंग घासतोय, कल्ले जोरजोरात हलतायत, खाणं बंद, आणि विसाव्या-एकविसाव्या दिवशी तळाला आडवा. मग महिनाभर थांबायचं, पाणी टेस्ट करायचं, सगळे आकडे ठीक येतात म्हणून दुसरा टँग आणायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

माझ्याकडे हे तीनदा झालं. तीन मासे गेले आणि तिन्ही वेळा मी दुकानातल्या माशाला दोष दिला, ते चूक होतं. टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे हिशेबाने 255 लिटर, दगड आणि वाळू वजा केली की खरं पाणी 200-210 लिटर. आत दोन क्लाऊनफिश, एक गोबी, एक डॅमसेल, थोडे सॉफ्ट कोरल. तापमान 26, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारेपणाचं माप) 1.025, अमोनिया आणि नायट्राईट शून्य, नायट्रेट 10 च्या आसपास. टेस्ट किटवर काही सापडत नव्हतं कारण बिघाड टेस्ट किटला दिसणाऱ्यातला नव्हताच.

पहिला पावडर ब्ल्यू, दुसरा ब्ल्यू टँग म्हणजे हेपॅटस, तिसरा यलो. पहिले दोन माझ्या टँकसाठी मुळातच चुकीचे मासे होते. तिसरा योग्य होता, पण चुकीच्या पाण्यात सोडला. हे दोन वेगवेगळे घोळ आहेत आणि लोक (मीसुद्धा) एकच समजून एकच उपाय करत बसतात. म्हणून आधी पाण्याचं, मग माशाच्या निवडीचं.

यलो गेला त्या दिवशी माझा भाऊ घरी होता, त्याला माशांतलं काही कळत नाही, पण त्याने एक प्रश्न विचारला. "ताई, पाण्यात रोग असेल तर हे दोन केशरी मासे ठणठणीत कसे?" मी म्हटलं, "तेच ना, म्हणजे रोग पाण्यात नाही, टँगच आजारी आला होता." हे मी अगदी ठामपणे सांगितलं आणि ते साफ चुकीचं होतं.

तो मिठाच्या कणांसारखा प्रकार म्हणजे मरीन इच, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा परजीवी. त्याचं चक्र नीट समजून घ्या, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. आपल्याला जो पांढरा कण दिसतो तो माशाच्या कातडीत शिरून खाणारा टप्पा, तो माशावर साधारण 3 ते 7 दिवस राहतो आणि मग आपणहून गळून पडतो. म्हणजे डाग गेले याचा अर्थ मासा बरा झाला असा नाही, परजीवी पोट भरून खाली उतरला एवढाच. तो वाळूत, दगडावर, काचेवर कुठेतरी चिकटून कवच करतो, त्या कवचात एकाचे शेकडो होतात, आणि तीन दिवस ते महिना, कधी त्याहून कितीतरी जास्त दिवसांनी ती पिल्लं बाहेर पडतात. तीही बहुतेक पहाटेच्या अंधारात, मासे दगडांच्या खबदाडीत स्थिर झोपलेले असताना. पुढच्या एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, सापडला तर पुन्हा तेच चक्र.

आता ते केशरी मासे, म्हणजे क्लाऊनफिश. त्यांच्या अंगावर चिकट थर जाड असतो, आणि एकदा इच होऊन वाचलेल्या माशाला काही महिने बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती राहते. मग त्यांच्या कल्ल्यात एखाद-दुसरा परजीवी असतो, आपल्याला बाहेरून काही दिसत नाही, मासा खातोय-पितोय, आणि परजीवीचं घर चालू राहतं. अशा पाण्यात प्रवासाने थकलेला, उपाशी, बारीक खवल्यांचा टँग आला की सगळ्यात आधी तोच लागतो. दर वेळी तिसऱ्याच आठवड्यात का, तर दोन-तीन चक्रं पूर्ण व्हायला तेवढा वेळ लागतो, पहिल्या चक्रात चार कण, दुसऱ्यात पन्नास, तिसऱ्यात मोजता येत नाहीत. मी मधे महिनाभर थांबायचे त्याने काहीच होत नव्हतं, कारण क्लाऊन आणि डॅमसेल आतच होते.

तर तुमच्या टँकमध्ये गेल्या वर्षभरात एकदा जरी असे डाग दिसले असतील आणि तेव्हापासून टँक एक दिवसही मासेरिकामा राहिला नसेल, तर परजीवी आत आहे असंच धरून चाला. टँग कुठला घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

खात्रीचा उपाय एकच, सगळे मासे बाहेर काढायचे आणि टँक फॅलो ठेवायचा, म्हणजे माशांशिवाय चालू ठेवायचा. कोरल, गोगलगायी, खेकडे, झिंगे आत राहिले तरी चालतात, इच त्यांच्यावर वाढत नाही. या छंदातले बहुतेक लोक 76 दिवस धरतात, मीही तेवढेच ठेवले. अकरा आठवडे रिकामा टँक बघणं जड जातं हे खरंय, पण 45 व्या दिवशी कंटाळून मासे परत टाकलेत आणि एखादं उशिरा फुटणारं कवच राहिलं, तर सगळी मेहनत वाया.

काढलेले मासे वेगळ्या साध्या टँकमध्ये, वाळू नाही, दगड नाही, फक्त पाईपचे तुकडे लपायला, स्पंज फिल्टर, हीटर, आणि कॉपरचा उपचार. कॉपरबद्दल दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. एक म्हणजे ते मुख्य टँकमध्ये कधीही टाकायचं नाही, कोरल आणि झिंगे मरतात आणि दगड ते शोषून धरतात. दुसरं, कॉपर दोन प्रकारचं मिळतं, साधं आणि चिलेटेड, दोघांची मात्रा अनेक पटींनी वेगळी आहे, त्यामुळे बाटलीवरचं वाचा आणि त्याच प्रकाराला चालणाऱ्या टेस्ट किटने रोज मोजा. अंदाजाने टाकलं तर कमी पडून परजीवी वाचतो नाहीतर जास्त होऊन मासा मरतो. कॉपर नको असेल तर टँक ट्रान्स्फर हा पर्याय आहे, दर तीन दिवसांनी मासा पूर्ण कोरड्या केलेल्या स्वच्छ टँकमध्ये नव्या पाण्यात हलवायचा, असं चार वेळा. परजीवी गळून पडतो, पण त्याची पिल्लं फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. मेहनत आहे पण औषध लागत नाही.

लसूण, क्लीनर झिंगा (माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा), पाण्यासाठीचा यूव्ही दिवा याबद्दल विचाराल म्हणून सांगते. लसणाने काही मासे खायला लागतात, तेवढाच उपयोग, परजीवी मरत नाही. क्लीनर झिंग्याने टँक साफ होत नाही. यूव्हीमधून जेवढं पाणी जातं तेवढ्यातलीच पोहणारी पिल्लं मरतात, वाळूतल्या कवचाला त्याचा पत्ताही नसतो. हे तिन्ही मी केलेलं आहे आणि तिन्ही करूनही यलो गेलाच.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. डाग मिठासारखे सुटे सुटे न दिसता अंगावर बारीक पिठूळ थर, धूळ बसल्यासारखी, मासा पंपाच्या झोतात तोंड देऊन उभा, उजेड टाळतोय, श्वास प्रचंड वेगात, तर तो इच नाही, व्हेल्व्हेट आहे, अ‍ॅमायलोओडिनियम. तो दोन-तीन दिवसांत संपवतो. तिथे विचार करत बसू नका, त्याच दिवशी मासा बाहेर काढून कॉपर.

आणि उलट बाजूने, ज्यात घाबरायचं नाही ते पण सांगते. यलो टँग रात्री फिका पडतो, अंगाच्या मधे पांढरा पट्टा आणि तपकिरी धब्बा येतो, टॉर्च मारून बघितलं की वाटतं गेलाच आता. तो त्याचा झोपेचा रंग आहे, लाईट लागले की थोड्या वेळात पिवळा. तसंच हेपॅटस घाबरला की दगडाच्या फटीत आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो, त्याला जाळीने ढोसू नका.

आता निवड.

लोक विचारतात किती लिटरमध्ये कुठला टँग, पण लिटरपेक्षा लांबी बघा. टँग उभं-आडवं रेंगाळणारा मासा नाही, तो दिवसभर सरळ रेषेत पोहतो, मधे मधे चरतो आणि पुन्हा पोहतो. माझा पावडर ब्ल्यू या काचेपासून त्या काचेपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. एकदा घड्याळ लावून मोजलं तर एका मिनिटात 22 फेऱ्या झाल्या. मला तेव्हा तो उत्साह वाटला होता. आता कळतं की तो वाट शोधत होता. हा मासा उथळ, लाटा फुटतात अशा भागातला, तिथे पाणी सतत घुसळलेलं, ऑक्सिजन भरपूर. आपल्या टँकमध्ये 26 अंशाला खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, गोड्या पाण्यापेक्षा कमी, रात्री तो आणखी उतरतो. सतत पोहणारा, ताणाखाली असलेला, त्यात इचला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्यांतला हा मासा, त्याची माझ्या 255 लिटरमध्ये धडगत नव्हतीच. अकिलीस टँगचंही हेच, किंबहुना जास्त.

हेपॅटस मी आणला तेव्हा रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा होता. "छोटाच राहतो हो टँकमध्ये" असं सांगणारे भेटतील. नाही राहत. तो 30 सेंमीपर्यंत जातो, टँक लहान म्हणून मासा लहान राहत नाही, तो खुरटतो आणि आजारी पडतो. सेलफिन टँग 40 सेंमी. नासो 45. क्लाऊन टँग दिसायला अप्रतिम पण 35 च्या पुढे जातो आणि अत्यंत भांडखोर. चार फुटात यातला एकही नको, "मोठा झाला की देऊन टाकू" या हिशेबानेही नको, कारण तो दिवस उजाडेपर्यंत मासा खंगलेला असतो आणि एवढा मोठा खाऱ्या पाण्यातला मासा घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही.

मग उरतं काय, तर दोन घराणी. एक झेब्रासोमा वंशातले लहान, म्हणजे यलो आणि स्कोपास, दोन्ही 20 सेंमीच्या आसपास. दुसरं ब्रिसलटूथ, टेनोकीटस वंशातले, त्यात टोमिनी साधारण 15-16 सेंमी, म्हणजे टँगमध्ये जवळजवळ सगळ्यात लहान, आणि कोले त्याच्याहून थोडा मोठा. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टँकमध्ये यांपैकी एक. एकच. पर्पल टँग आकाराने यलोच्या जवळपास असला तरी स्वभावाने फार कडक, लहान टँकमध्ये तो बाकीच्यांचं जगणं मुश्किल करतो, मी नाही सुचवणार. तीन फुटाच्या टँकला कुठलाच टँग नको, तिथे शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर लॉनमोअर ब्लेनी बघा, ती दगडावर बसून असते, तिला पोहायला मैदान लागत नाही.

यलो-स्कोपास आणि ब्रिसलटूथ यांत निवड कशी करायची, तर त्यांचे दात बघा, म्हणजे दात कशासाठी आहेत ते बघा. झेब्रासोमाचं तोंड लांब पुढे आलेलं, दात चावून तोडायचे, त्यामुळे दगडावरचं केसाळ शेवाळ तो उपटून खातो. ब्रिसलटूथचे दात बारीक, लवचिक, कंगव्यासारखे, तो शेवाळ तोडत नाही, दगडावरचा आणि काचेवरचा मऊ थर आणि गाळ खरवडून घेतो. म्हणून नवीन चकचकीत टँकमध्ये ब्रिसलटूथ उपाशी राहतो, टँक किमान सहा-आठ महिने मुरलेला हवा. आणि केसाळ शेवाळ वाढलंय म्हणून टोमिनी आणला तर शेवाळ तसंच राहणार आणि तुम्ही माशावर नाराज होणार. खरं तर शेवाळ काढायला म्हणून कुठलाच टँग आणू नये, यलो टँग समुद्रात 30 वर्षांहून जास्त जगू शकतो, एका महिन्याच्या शेवाळासाठी एवढ्या आयुष्याचा मासा आणणं मला पटत नाही.

नावांवर जाऊ नका, मासा बघा. "कोले" या नावाखाली दोन-तीन वेगळे ब्रिसलटूथ विकले जातात, ते एक वेळ चालेल कारण आकार जवळपास सारखे. पण पिवळा दिसला म्हणून यलो टँग समजू नका. मिमिक टँगचं पिल्लू लहानपणी पिवळ्या बुटक्या एंजलफिशची नक्कल करतं, हुबेहूब पिवळं असतं, मोठं झालं की गडद तपकिरी आणि 25 सेंमी. ओळखायचं असं की खऱ्या यलोचे वरचे-खालचे पंख शिडासारखे उंच आणि तोंड नळीसारखं लांब, मिमिकचे पंख बुटके आणि पिल्लाची शेपूट गोलसर.

टँकमध्ये जन्मलेला यलो मिळाला तर तोच घ्या. 2015 मध्ये हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटने यलो टँगची पैदास पहिल्यांदा यशस्वी केली, तेव्हापासून असे मासे बाजारात येतात. ते पहिल्या दिवसापासून दाणे खातात आणि काचेला बुजत नाहीत. तरी क्वारंटाईन त्यालाही करायचंच, कारण मधल्या सगळ्या टँकमधून तो आलेला असतो.

दुकानात गेलात की डाग शोधायच्या आधी पोट बघा. हे मला तिसऱ्या माशानंतर कळलं, माझा यलो आणला त्याच दिवसाच्या फोटोत त्याचं पोट खपाटीला गेलेलं स्पष्ट दिसतंय, मी फोटो शंभरदा बघितला होता आणि मला फक्त पिवळा रंग दिसत होता. बाजूने बघा, छातीच्या मागे पोटाची रेषा आत वळलेली असेल तर नको. समोरून बघा, डोळ्यांच्या वर कपाळ आणि पाठ सुरीच्या पात्यासारखी धारदार झाली असेल तर अजिबात नको, तो बरेच दिवस उपाशी आहे आणि त्यातून परत येणं अवघड असतं. तुमच्या समोर खायला घालायला सांगा. आकार 6 ते 8 सेंमी उत्तम, 3-4 सेंमीच्या पिल्लाकडे साठा काहीच नसतो, दोन दिवस खाल्लं नाही की संपलं. आणि जाळीने पकडू देऊ नका, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना घडीच्या चाकूसारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. प्लास्टिकच्या डब्यात घ्या. हातानेही सांभाळून, तो काटा खरंच कापतो.

घरी आणल्यावर खाणं. टँगचं पोट दिवसभर थोडं थोडं येत राहण्यासाठी बनलंय, संध्याकाळी एकदा टाकलेल्या चिमूटभर दाण्यांवर तो हळूहळू वाळतो. नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी क्लिपला लावून रोज, वरून दोन-तीनदा थोडं थोडं. मसाला किंवा मीठ लावलेली नोरी नको, साधी. टोमिनीला नोरी कळायला वेळ लागतो, माझ्याने नऊ दिवस क्लिपकडे बघितलंच नाही, मग मी नोरी ओली करून एका चपट्या दगडाला रबर बँडने गुंडाळली आणि तो दगड वाळूवर ठेवला, तासाभरात ओठ लावून खरवडायला लागला. त्याला वर लोंबणारं पान खाणं माहीतच नव्हतं, दगड माहीत होता.

डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर खड्डे पडायला लागले तर खाण्यासोबत फिल्टरमधला कार्बन, म्हणजे कोळसाही तपासा. सर्जनफिशवरच केलेल्या 2011 च्या एका प्रयोगात कार्बन फिल्टर लावलेल्या टँकमधल्या माशांना असे खड्डे पडले होते. कार्बन वापरायचाच असेल तर काळं पाणी जाईपर्यंत नीट धुवा आणि धूळ टँकमध्ये जाऊ देऊ नका.

भांडणाचं थोडक्यात: टँग सगळ्यात शेवटी टाका. माझा डॅमसेल नव्या माशाला कोपऱ्यात दाबायचा, म्हणून या वेळी टोमिनीला चार दिवस भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात टँकच्या आतच ठेवलं, डॅमसेल दोन दिवस डब्यावर धडका मारून दमला. जुना यलो असेल आणि तो मारत असेल तर बाहेरून काचेला आरसा लावा, तो त्यातल्या यलोशी भांडत बसतो.

आजचा हिशेब सांगते. 76 दिवस फॅलो, टोमिनी वेगळ्या टँकमध्ये महिनाभर, मग डब्यात चार दिवस. आता त्याला चौदा महिने झाले, एकही डाग नाही. दर रविवारी त्याच कोपऱ्यातून, त्याच वेळी बाजूने एक फोटो काढते आणि पोटाची रेषा मागच्या फोटोशी ताडून बघते, दोनदा ती जराशी आत गेलेली दिसली आणि दोन्ही वेळा नोरी वाढवल्यावर आठवड्यात भरली. सकाळी लाईट लागायच्या आत टॉर्च तिरपी धरली की काचेवर त्याच्या ओठांचे ठसे दिसतात, बोटाच्या नखाएवढे गोल, एकापुढे एक, शेवाळाच्या थरात ओळीने उमटलेले. पुढची काच मी पुसते. मागची आणि डावीकडची पुसणं मी बंद केलंय.